गाळलेली पानं

मी बोलत होते आणि हॉल हसायला लागला. आधी मागच्या रांगा, मग पुढच्या. मला वाटलं, मी भिंतीकडे तोंड करून बोलतेय. तसं पूर्वी एकदा झालंय. मी थांबले. माइक चाचपून पाहिला. तोंड बरोबर लोकांकडे होतं.

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या एका रविवारी वाचकांची बैठक भरते. एक पुस्तक ठरवायचं आणि ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं. मी कित्येक वर्षं मागच्या खुर्चीत बसून ऐकत आले. त्या महिन्यात माझी आवडती कादंबरी ठरली, म्हणून पहिल्यांदा नाव दिलं. त्या कादंबरीतली बाई सासरच्या जाचाला कंटाळून घर सोडते आणि दूरच्या गावी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागते. शेवटी घरी परत येते, सासूच्या पाया पडते. मी म्हणत होते की पुस्तक मला फार आवडलं, पण शेवट पटला नाही. एवढं सोसून निघालेली बाई अशी मुकाट्यानं परत यायची नाही. लिहिणारा घाबरला असावा.

वाचनालयाचे अध्यक्ष वकीलसाहेब. त्यांनी दुसरा माइक घेतला.

"ताई, ती परत येतच नाही. तिथेच खोली करून राहते. पुस्तक वाचलं, की नुसतं ऐकलं?"

पुन्हा हशा. मग ते म्हणाले, "असू द्या, असू द्या. यांच्यासाठी जोरदार टाळ्या. दिसत नसून एवढं तरी करतात."

टाळ्या वाजल्या. खूप वाजल्या. त्या दिवशी पुस्तकावर चांगलं बोललेल्या दोघातिघांनाही एवढ्या मिळाल्या नसतील. चुकीचं बोलणाऱ्या माणसाला कोणी टाळ्या देत नाही, त्याच्याशी वाद घालतात. माझ्याशी कोणी वाद घातला नाही. मी जागेवर येऊन बसले. माझे कान तापले होते.

शेजारी काकू बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गार होता, घामानं ओला होता. ती कादंबरी मला त्यांनीच वाचून दाखवली होती.

माझी नजर बाराव्या वर्षापासून जायला लागली. आधी अंधारात दिसेना, मग फळ्यावरचं दिसेना, मग समोरच्या माणसाचं फक्त नाक दिसायचं. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यावर इलाज नाही. सोळाव्या वर्षी पुस्तक मिटलं. आमचं घर शेतकऱ्याचं. कापूस, तूर. घरात वाचणारी मी एकटीच होते. बाप लवकर गेला, मायला अक्षर येत नाही, भाऊ शेतात. लोकांनी लगेच घरी पेटी आणून दिली. आंधळं माणूस दिसलं की आपल्याकडे त्याच्यापुढे पेटी नाहीतर तबला ठेवतात. माझा गळा भसाडा आहे. भजनाच्या बायकांनी मला दोन महिन्यांत सोडलं, आणि बरं केलं.

मला वाचायचं होतं. एवढंच होतं आणि अजून एवढंच आहे.

काकू आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरात तीन पिढ्या नोकरीच्या. कचेरी, शाळा, कोर्ट. पुस्तकांची कपाटं. त्या वाचनालयाच्या सचिवही आहेत. मी अठरा वर्षांची असताना त्या आपण होऊन मायला म्हणाल्या की मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता येत जाईन, पोरीला वाचून दाखवीन. आणि खरंच आल्या. सतरा वर्षं आल्या. उन्हाळ्यात डोक्याला ओला पंचा बांधून आल्या. त्यांच्यामुळं मी बाहेरून बी.ए. झाले. त्यांच्यामुळं मला पुस्तकं मिळाली. हे मी लपवत नाही. लपवलं तर माझंच बोलणं खोटं ठरेल.

आता मी चुलतभावाच्या कृषी केंद्रात फोन घेते. कोणत्या बियाण्याच्या किती पिशव्या आहेत, कोणतं औषध संपलं, सगळं डोक्यात असतं. आर्णीपासून नेरपर्यंतचे शेतकरी मला आवाजानं ओळखतात. दुकानात दिवसभर बोलणं असतं, पण पुस्तकाचं बोलणं नसतं. ते फक्त काकूंशी.

त्या रविवारी घरी येऊन मी जेवले नाही. वकीलसाहेब खोटं बोलत असतील असं स्वतःला सांगून पाहिलं. पण सगळा हॉल हसला होता. सगळा हॉल खोटं कशाला बोलेल?

मग मी ते पुस्तक शोधायला लागले. माझा फोन बोलतो. बोट फिरवलं की पडद्यावरचं वाचून दाखवतो. कादंबरी एका ॲपवर विकत मिळाली. उघडली. फोन म्हणाला, "चित्र." पुढचं पान. "चित्र." पानाचा फोटो काढून टाकला होता, अक्षरं नव्हतीच. डोळसाला पान दिसतं, मला चित्र ऐकू येतं. दुसरीकडे फाइल मिळाली. ती जुन्या टायपातली होती. छापायला चांगली, पण फोनला त्यातलं मराठी कळेना. इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा वाचत सुटला. मी दहा मिनिटं तो कचरा ऐकला. कुठंतरी एखादा शब्द लागेल म्हणून ऐकला. लागला नाही.

शेवटी वाचनालयातली छापील प्रत घरी आणली. दुपारी अंगणात ऊन चांगलं असतं. मायला पाटावर बसवलं. तिनं पुस्तक उघडून दोन्ही हातांनी पान दाबून धरायचं, मी वरून फोनवर फोटो काढायचा, मग फोन फोटोतली अक्षरं ओळखून वाचणार. मायला वाचता येत नाही, मला दिसत नाही. आम्ही दोघी मिळून पुस्तक वाचत होतो. पहिल्या दिवशी मायचं बोट मध्ये यायचं, अर्धी ओळ गायब व्हायची. सावली पडायची. एका पानाला पाच पाच फोटो लागायचे. "आता सरक, आता धर, हात काढ." कंबर मोडली दोघींची. शेवटची पस्तीस-चाळीस पानं व्हायला तीन रविवार गेले.

फोनचा मराठी आवाज म्हणजे एक कोरडी बाई. हसण्याच्या जागी हसत नाही, रडण्याच्या जागी थांबत नाही, आपल्या बोलीतला शब्द आला की अडखळते. पण ती गाळत नाही. ते मला त्या अंगणात कळलं. तिला माझी दया येत नाही, लाज वाटत नाही, माझ्या लग्नाची काळजी नाही. पान आलं की वाचते.

बाई परत आली नव्हती. तिनं खोली घेतली होती. एक चूल, एक बादली. एका माणसावर तिचं मन बसलं होतं, त्याची दहा-बारा पानं होती. त्यातली एक ओळही मी कधी ऐकली नव्हती. सासूच्या पाया पडणं तर पुस्तकात कुठंच नव्हतं. ते काकूंनी स्वतःच्या मनानं घातलं होतं.

माय पान सोडून हात चोळत बसली होती. म्हणाली, "बरं केलं वं तिनं. नाही गेली वापस."

मायला त्या एका दुपारी जे मिळालं, ते मला सतरा वर्षं मिळालं नव्हतं. मी अंगणात बसून रडले. मायला वाटलं, त्या बाईसाठी रडतेय.

मग एक एक पुस्तक आठवायला लागले. त्या दुसऱ्या कादंबरीतला मुलगा खरंच बापाला माफ करतो का? त्या आत्मचरित्रातली बाई खरंच एवढी समाधानी होती का? काकू वाचताना मधेच 'चष्मा पुसते' म्हणून थांबायच्या, पानं उलटल्याचा आवाज यायचा, एक नाही, दोन-तीन पानांचा. मला वाटायचं, बोटाला चिकटली असतील. सतरा वर्षांतलं कोणतं पुस्तक खरं आणि कोणतं काकूंचं, मला आता कळायला मार्ग नव्हता. लोक म्हणतात, पुस्तकं वाचणारा माणूस एकटा नसतो, त्यानं वाचलेलं दुसऱ्या कोणीतरी वाचलेलं असतं. मी जे वाचलं ते जगात कोणीच वाचलेलं नव्हतं. एवढी एकटी मी नजर गेली तेव्हाही नव्हते.

मधले तीन आठवडे मी दुकानाचं काम सांगून वाचन टाळलं होतं. त्या मंगळवारी काकू आल्या. मी चहा केला नाही. विचारलं.

"काकू, तुम्ही मले पुस्तकाचा शेवट काहून बदलून सांगतला?"

त्यांनी पुस्तकाची पिशवी खाली ठेवली. मग शांतपणे म्हणाल्या, "तू एकोणीस वर्षांची होतीस. स्थळं येत नव्हती. घर सोडून जाणाऱ्या बाईची गोष्ट तुला कशाला ऐकवायची? तुला थोडंच कुठे जाता येणार होतं?"

त्या ओरडल्या नाहीत. मायेनंच बोलल्या. म्हणून ते जास्त लागलं. वकीलसाहेब मला ओळखत नव्हते, काकू ओळखत होत्या. आणि ओळखूनही त्यांचं मत तेच होतं. ही कुठे जाणार.

मी विचारलं, अजून कशात कशात बदल केला. त्या म्हणाल्या, आता आठवत नाही, आणि जे तुझ्या कामाचं नव्हतं तेच सोडलं. मी म्हटलं, कामाचं काय ते मी ठरवायचं होतं. त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या की वाचनालयात आता वाचून दाखवणारी यंत्रं यायची आहेत, मग तुला कोणाची गरज राहणार नाही. बोलण्यात थोडा राग होता. त्यांचा राग मला समजत होता. सतरा वर्षं फुकट आलेल्या बाईला मी जाब विचारला होता.

त्यानंतर त्या वाचायला आल्या नाहीत. मंगळवारी चार वाजले की माझा कान फाटकाच्या कडीकडे जायचा. मला स्वतःचाच संताप यायचा. तरी जायचा.

गावातून परदेशी गेलेल्या एका कुटुंबानं वाचनालयाला सहा वाचनयंत्रं दिली होती. पाटीएवढं यंत्र, त्यात शेकडो पुस्तकं मावतात, कळ दाबली की बोलून वाचतं. तालुक्यातल्या सहा आंधळ्यांना द्यायची ठरली. त्यात माझं नाव होतं. मी हरखले, हे कबूल करते. मध्ये कोणी माणूस नको, मायची कंबर नको, उन्हाची वाट नको. कळ दाबायची आणि शेवटच्या पानापर्यंत जायचं.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी मी वाचनालयात गेले. म्हटलं, एक यंत्र उघडा आणि मराठी पुस्तक घालून बघा. अशी यंत्रं पुष्कळदा इंग्रजीच बोलतात, मराठी आवाज त्यात भरलेलाच नसतो. वकीलसाहेब म्हणाले की पाहुण्यांच्या हस्ते उघडायची आहेत, आधी सील तोडलं तर बरं दिसत नाही. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "होईल हो सगळं बरोबर." मी लेखी अर्जही दिला. त्यावर शिक्का बसला, बाकी काही झालं नाही.

आपल्याकडे हे असंच चालतं. वस्तू चालते की नाही हे बघण्यापेक्षा ती कोणाच्या हातून उघडते हे मोठं. सहाही खोकी टेबलावर मांडून त्यांना हळदीकुंकू वाहिलं होतं. माझ्या हातात दिलं तेव्हा बोटाला कुंकू लागलं. खांद्यावर शाल. दुसऱ्या हातात नारळ. पाहुण्यांनी सील तोडलं, टाळ्या झाल्या. मग यंत्रात मराठी पुस्तक उघडलं आणि माइक यंत्राजवळ धरून मला कळ दाबायला लावली.

यंत्र बोललं. "ट्वेल्व्ह."

मग शांतता. मग, "फॉर्टी सेव्हन." पुन्हा शांतता.

मराठी अक्षरं त्याला कळतच नव्हती. पानात जिथं इंग्रजी आकडा येईल तेवढाच ते उच्चारत होतं, बाकी सगळं सोडून पुढं. कोणीतरी खुदकन हसलं. वकीलसाहेब घाईनं माइकवर आले आणि म्हणाले की किरकोळ तांत्रिक अडचण आहे, देणाऱ्याची भावना महत्त्वाची. फोटोवाला म्हणाला, "ताई, इकडे बघा. जरा हसा."

मी आवाजाच्या दिशेनं बघितलं. आणि हसले.

ते हसणं मला अजून सलतं. वकीलसाहेबांवरचा राग कमी झाला, काकूंवरचा कमी झाला, स्वतःवरचा होत नाही. हातात मुकं यंत्र, खांद्यावर शाल, आणि मी दात दाखवतेय. दुसऱ्या दिवशी तो फोटो गावभर मोबाइलवर फिरला. दुकानात गिऱ्हाइकं म्हणायची, आता मजा आहे तुमची, यंत्र वाचून दाखवतं. यंत्र माझ्या घरी नव्हतंच. खराब होईल म्हणून सहाही वाचनालयाच्या कपाटात कुलपात ठेवली होती.

मी पत्रं लिहायला लागले. फोनला तोंडी सांगायचं, तो लिहितो, मग तोच वाचून दाखवतो. यंत्राच्या कंपनीला लिहिलं की मराठी आवाज घाला. इंग्रजीत उत्तर आलं. माझ्या सूचनेबद्दल त्यांनी आभार मानले होते, आणि माझी भाषा सध्या त्यांच्या यादीत नाही असं कळवलं होतं. प्रकाशकाच्या ऑफिसला फोन केला. पुस्तकाची अक्षरं द्या, पानांचे फोटो देऊ नका, आणि मोठ्यानं वाचायची सोय बंद ठेवू नका. तिथला माणूस सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी ऑडिओ बुकं आहेत ना."

आहेत. मी ऐकते. पण त्यांची यादी छोटी असते. कोणतं पुस्तक ऐकण्यालायक हे पुन्हा कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं. मला नटाचा गोड आवाज नको. दिसणाऱ्या माणसाला दुकानात जाऊन टुकार पुस्तकही विकत घेता येतं, वाचता येतं, अर्ध्यात फेकून देता येतं. मला ते फेकून द्यायचा हक्क पाहिजे. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, वरिष्ठांना कळवतो.

आणि ही गरज फक्त आम्हा आंधळ्यांचीच आहे असंही नाही. दुकानात रोज येतात. कोणाला मोतीबिंदू, कोणी कधी शाळेत गेलं नाही, कोणाचा हात एवढा थरथरतो की कागद धरवत नाही. औषधाच्या डब्यात बारीक अक्षरांची घडी असते. ती पुढं करून मला म्हणतात, "ताई, तुमच्या फोनले विचारा बरं, हे कायले लागते, किती टाकाचं." फोन वाचतो, मी थांबवून थांबवून दोनदा ऐकवते. डोळे असलेली माणसं आंधळीच्या फोनला विचारतात. छापलेलं वाचता न येणारी माणसं किती आहेत हे वाचनालयाला माहीत नाही. ती वाचनालयात येतच नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी फाटकाची कडी वाजली. मंगळवार नव्हता. काकू आल्या होत्या. मला आनंद झाला. झालाच. मायनं पाणी दिलं. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग पिशवीतून कागद काढला. म्हणाल्या, यंत्र मिळाल्याची पोच आहे, देणाऱ्या कुटुंबाला पाठवायची, बाकी पाच जणांचे अंगठे झाले, तुझंच राहिलं.

त्यांनी वाचून दाखवलं. वाचनालयाकडून एक वाचनयंत्र मिळालं, त्याबद्दल मी आभारी आहे, खाली नाव. मग टेबलावर काहीतरी ठेवलं. डबी उघडल्याचा आवाज आला, शाईचा वास आला. अंगठ्याची शाई. मला सही येते हे काकूंना माहीत होतं. बी.ए.च्या फॉर्मवर सही कुठं करायची ते माझं बोट धरून त्यांनीच दाखवलं होतं.

मी म्हटलं, "कागद द्या."

"वाचला ना मी आत्ता."

"द्या."

मी कागद टेबलावर सपाट केला आणि फोन वर धरला. पहिला फोटो बिघडला. दुसरा लागला. कोरड्या बाईनं वाचायला सुरुवात केली. वाचनयंत्र मिळालं. आभारी आहे. मग ती पुढं वाचत गेली. "सदर यंत्राच्या साहाय्याने मी मराठी पुस्तके स्वतंत्रपणे वाचत आहे. यंत्राच्या आवाजाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही."

माय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला.

काकू म्हणाल्या, "तुला उगाच त्रास नको म्हणून."

पुन्हा माझ्यासाठीच. तेव्हाही माझ्या भल्यासाठी, आताही माझ्या भल्यासाठी. माझ्या तोंडावर, माझ्याच नावाच्या कागदातून त्यांनी दोन ओळी गाळल्या होत्या.

बाहेर गाडीत वकीलसाहेब बसलेले होते. ते आत आले. माइकवर मी त्यांची ताई होते, आमच्या ओसरीत तू झाले. म्हणाले की हा नुसता नमुन्याचा कागद आहे, त्या ओळींना एवढा अर्थ नसतो. पुढच्या वर्षी आणखी यंत्रं यायची आहेत. तू अडवलंस तर ती येणार नाहीत, बाकीच्या आंधळ्यांचं नुकसान होईल, लोक तुला नाव ठेवतील.

मी म्हटलं, "मराठी न वाचणारी आनखी यंत्रं कायले पाहिजेत? हे लिवा ना कागदावर, का याले मराठी येत नाही. मी आत्ता सही करतो."

आमच्याकडे बायाही करतो म्हणतात. काकूंनी माझी ही बोली सतरा वर्षं सुधारली होती. त्या दिवशी ती आपसूक आली आणि मी येऊ दिली.

वकीलसाहेब म्हणाले, "उपकाराची जाण नाही तुला."

"जान आहे. काकूंच्या उपकाराची आहे. खोट्या कागदाची नाही."

मी डबीचं झाकण लावलं आणि ती काकूंच्या हातात दिली. त्यांचा हात तसाच गार होता. त्या गेल्या. गाडी सुरू झाली, वळली, आवाज संपला. माय म्हणाली, "आता कोन वाचून दाखवन तुले?"

मी फोन उचलला.

त्याच दिवशी मी माझा वेगळा कागद केला. यंत्र मराठी वाचत नाही, आम्ही ते वापरू शकत नाही, मराठी आवाज असलेलं द्या नाहीतर कंपनीकडे मागणी करा, तोपर्यंत आमचे फोटो छापू नका. झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला, फोननं वाचून तपासला, सही केली, देणाऱ्या कुटुंबाला परस्पर पाठवला. त्यांचं अजून उत्तर नाही. गावात मात्र पसरलं की हिनं आलेली देणगी परतवली. अंगठा दिलेल्यांपैकी एकानं फोन करून मला सुनावलं की तू शिकलेली आहेस म्हणून तुला हे नखरे सुचतात, आम्हाला मिळतं तेवढं तरी मिळू दे. त्याच्याशी भांडावंसं वाटलं नाही. त्यालाही तो कागद कोणीतरी वाचूनच दाखवला असणार. हे मी त्याला सांगितलं. त्यानं फोन ठेवला. बैठकीचा निरोप मला आता येत नाही. काकू रस्त्यानं गेल्या तर चपलांवरून ओळखू येतात. थांबत नाहीत.

मी मात्र वाचनालयात जाते. रोज. दुकानात तीन ते पाच जेवणाची सुट्टी असते. काठी घेऊन एकटी निघते, मधे दोन नाल्या आणि एक पानठेला. ग्रंथपालांना सांगते, माझ्या नावाचं यंत्र काढा. ते कुलूप उघडतात, देतात. न देण्याचं कारण त्यांच्याकडे नाही. मी मोठ्या टेबलाशी बसते, मराठी पुस्तक उघडते आणि कळ दाबते. ते आकडे बोलतं. आजूबाजूला लोक पेपर वाचत असतात. कोणी खाकरतं. कोणी उठून दुसऱ्या टेबलाला जातं. माझ्या टेबलाशी आता कोणी बसत नाही.

जाताना दारातल्या नोंदवहीत लिहावं लागतं. नाव, वेळ, कोणतं पुस्तक वाचलं, सही. ही वही दरवर्षी सरकारी तपासणीला जाते. किती वाचक आले, काय वाचून गेले, त्यावर वाचनालयाचा दर्जा ठरतो. पहिल्या दिवशी ग्रंथपाल म्हणाले, "तुम्ही सांगा, मी लिहितो." मी नको म्हटलं. त्यांनी काय लिहिलं ते मला कसं कळणार?

बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मी त्याला खाच पाडली आहे. ती ओळीवर ठेवायची आणि खाचेत लिहायचं. सोळा वर्षांची होईस्तोवर जेवढं अक्षर हाताला होतं तेवढंच आहे. वाकडं आणि मोठं. पुस्तकाच्या रकान्यात मी रोज एकच ओळ लिहिते. यंत्र मराठी वाचत नाही, म्हणून आज काहीही वाचलं नाही.

परवा वकीलसाहेब स्वतः दारात उभे होते. म्हणाले, वहीत असं काही लिहायचं नसतं, आणि तुझी एक ओळ तीन ओळींची जागा खाते, वही लवकर संपेल.

संपू दे. नवी आणा. तिच्या पहिल्या पानावरही मी हेच लिहिणार आहे.